स्वभावाला औषध नाही म्हणतात, मग फिजिओने कंबर सोडून माझ्या स्वभावावरच बोट का ठेवलं?

सोमवारचा_उपास

नमस्कार मंडळी, एरवी मी इथे नुसती वाचते, लिहायची ही दुसरी-तिसरीच वेळ. पण काल फिजिओकडून इतकी चिडून घरी आले की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

तर वय ४३, बँकेत नोकरी, डोंबिवली ते मुलुंड रोजची लोकल. अडीच वर्षांपूर्वी दळणाचा डबा उचलताना कमरेत उसण भरली ती काही गेलीच नाही, कधी कमी कधी जास्त पण मुक्काम पक्का. एमआरआय केला, एल-फोर एल-फाइव्हला, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमध्ये, डिस्क बल्ज (मधली गादी बाहेर फुगलेली) निघालं. तेव्हा ज्या डॉक्टरांना दाखवलं त्यांनी सांगितलं की पुढे वाकायचं नाही, जमिनीवर बसायचं नाही, पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही. किती दिवस विचारलं तर म्हणाले आता कायमच सांभाळायचं. मी सांभाळलं. अडीच वर्षांत मी एकदाही वाकून केर काढलेला नाही, लांब दांड्याचा झाडू आणला, गौरींच्या पूजेला खुर्चीवर बसले, कुकर सुद्धा मुलगा उचलून देतो.

चार महिन्यांपासून फिजिओ चालू आहे. ब्रिज (उताणं पडून कंबर वर उचलायची), कॅट-कॅमल, बर्ड-डॉग वगैरे व्यायाम, एकूण चाळीस मिनिटांचा कागद आहे. मी तो अगदी मनापासून करते. एक्सेल शीट केली आहे, सकाळ-दुपार-रात्र दुखणं दहापैकी किती ते लिहिते, कुठला व्यायाम किती वेळा केला ते लिहिते. एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करते. आणि पूर्ण चाळीस मिनिटं मिळणार नसतील तर मग अर्धवट करण्यापेक्षा करतच नाही. एवढं करून दुखणं सहाच्या खाली येत नाही.

आता खरी गंमत. माझा धाकटा दीर, वय ४०, त्याचंही तेच एल-फोर एल-फाइव्ह, रिपोर्ट तर माझ्यापेक्षा वाईट, फिजिओ तोच, कागद जवळपास तोच. तो आठवड्यातून तीन दिवस करत असेल, ते पण मॅच बघता बघता. दोन महिन्यांत हा माणूस बरा! मागच्या महिन्यात बाईकवरून गुहागरला जाऊन आला.

मी फिजिओंना हेच विचारलं की असं कसं. तर ते म्हणाले, मॅडम तुमची कंबर एवढी वाईट नाहीये, तुमचा स्वभाव आड येतोय. आणि एक तेरा प्रश्नांचा फॉर्म भरायला दिला, त्यात "दुखणं कधी संपणारच नाही असं वाटतं" टाइपची वाक्यं. घरी येऊन सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, मी तर पहिल्यापासून सांगत होते, मनाचे खेळ आहेत.

मला एवढंच विचारायचंय, स्वभावाचा आणि फिजिओथेरपीचा खरंच काही संबंध असतो का, की "तुमचं दुखणं खोटं आहे" हे सांगायची ही सभ्य पद्धत आहे?

---

बटाटेवडा_एक्स्ट्रा_चटणी

फिजिओ बदला. सरळ केरळला जाऊन पंधरा दिवस तेल लावून घ्या. माझ्या आत्याला लगेच गुण आला. (आत्या तशीही महिनाभर कुणाचं जेवण न करता पहिल्यांदाच नुसती झोपून होती, त्यामुळे कशाचा गुण आला ते माहीत नाही.)

---

हातगुण

सोमवारचा_उपास ताई, मी स्वतः फिजिओथेरपिस्ट आहे, चौदा वर्षं झाली, नाशिकला. आधी तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते, नाही, तुमचं दुखणं खोटं नाही. आणि तुमच्या फिजिओंनी जे वाक्य वापरलं ते मी असते तर वापरलं नसतं. पण ते ज्या दिशेला बोट दाखवतायत तिथे काहीतरी आहे.

तो तेरा प्रश्नांचा फॉर्म १९९५ सालचा आहे, कॅनडातल्या मायकेल सलिव्हन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने केलेला, जगभर वापरतात. प्रत्येक वाक्याला शून्य ते चार, एकूण ५२. त्यात तीन गोष्टी बघतात, दुखण्याचा विचार डोक्यातून जातच नाही का, ते आहे त्याहून भयंकर होईल असं वाटतं का, आणि आपल्या हातात काहीच नाही असं वाटतं का. दुखणं खरं की खोटं हे त्यातून अजिबात कळत नाही, आणि तो त्यासाठी नाहीच. तो एवढ्यासाठी देतात की पेशंटला कागद कसा द्यायचा हे ठरवता यावं.

आता दीर आणि तुम्ही. एमआरआय बाजूला ठेवा, कारण ज्यांना काडीची कंबरदुखी नाही अशा तीनेक हजार लोकांच्या स्कॅनच्या अभ्यासांचा एकत्र हिशोब २०१५ साली आला होता, त्यात चाळिशीच्या निम्म्या लोकांत डिस्क बल्ज होतं. निम्म्या! म्हणजे दिराचा रिपोर्ट "वाईट" आणि तुमचा "बरा" यावरून कुणाला किती दुखेल हे सांगताच येत नाही.

मग फरक कुठे पडला? माझा अंदाज सांगते, चुकला तर सोडून द्या. "वाकू नका" हा सल्ला दिरालाही कुणीतरी दिलाच असणार. तो आठ दिवसांत विसरला. तुम्ही अडीच वर्षं पाळला. झालं एवढंच. आम्ही कॉलेजात शिकतो की शिस्तीचा, काटेकोर पेशंट म्हणजे सोनं, सांगितलेलं सगळं करतो. पण प्रॅक्टिसमध्ये बघितलं की चांगला सल्ला असेल तर असा पेशंट सोनं, आणि सल्ला जुनाट असेल तर तोच पेशंट सगळ्यात जास्त अडकतो, कारण तो सल्ला सोडतच नाही. आळशी माणूस वाईट सल्ल्यातून आपोआप सुटतो. (माझ्या नवऱ्याला हे वाचायला देणार नाहीये.)

आणि तो सल्ला जुनाट आहेच. पूर्वी कंबर धरली की आठ-पंधरा दिवस पडून राहा म्हणायचे, १९८६ मध्येच अमेरिकेत दोन दिवसांची विश्रांती आणि सात दिवसांची विश्रांती अशी तुलना केली होती तर दोन दिवसवाले लवकर कामाला लागले, बरं होण्यात बाकी फरक नाही. मणका म्हणजे काचेचं भांडं नाही. वाकणं हे त्याचं रोजचं काम आहे. काम बंद केलं की स्नायू सतत आवळून धरायला लागतात, मग थोडं वाकलं तरी दुखतं, मग भीती खरी ठरल्यासारखी वाटते, मग अजून कमी वाकायचं. या चक्राचं मॉडेल व्लायन आणि लिंटन या दोघांनी २००० साली नीट मांडलं, आम्ही आता तेच शिकवतो. काळजी करायचा स्वभाव असेल तर त्या चक्राला तेल मिळतं. पण चक्र सुरू स्वभावाने होत नाही, ते दळणाच्या डब्याने झालं आणि "कायमचं सांभाळा" या वाक्याने फिरत राहिलं.

दुसरी गोष्ट एक्सेलची. दिवसातून तीनदा तुम्ही कंबरेला विचारताय की बाई दुखतंय का. कुणालाही दिवसातून तीनदा विचारलं तर तो काहीतरी सांगणारच. आणि "चाळीस मिनिटं नाही तर शून्य", चुकलं तर दुप्पट, यात शरीराला एक दिवस उपास आणि एक दिवस पंगत असं होतं. (तुमच्या आयडीवरून टोमणा नाही हो.) माझ्याकडे तुम्ही आलात तर चाळीस मिनिटांचा कागद फाडून दोन व्यायाम देईन, आणि हळूहळू वाकायला लावीन. आधी टेबलावरचा चमचा, मग स्टुलावरची वाटी, मग जमिनीवरचा रिकामा डबा. प्रत्येक वेळी आधी विचारीन की काय होईल असं वाटतंय, आणि नंतर विचारीन की काय झालं. माझं अर्धं काम या दोन प्रश्नांतच होतं.

---

नेढ्यातला_वारा

वर ताईंनी जे लिहिलंय त्याच्या बरोब्बर उलट केस म्हणजे मी, म्हणून लिहितो. मला भीती हा प्रकारच नाही आणि त्याने माझी वाट लागली.

आयटीवाला, हिंजवडी, आठवडाभर खुर्ची आणि रविवारी गड. २०१९ पासून कंबर दुखायची पण मी म्हणायचो दुखलं तर दुखलं, थांबला तो संपला. ट्रेकच्या आधी एक गोळी, गडावर एक गोळी. राजगडला चोर दरवाज्याने चढून संजीवनी माचीपर्यंत जाऊन यायचो आणि सोमवार-मंगळवार आडवा. बुधवारी बरं वाटलं की जिममध्ये डेडलिफ्ट, कारण दोन दिवस वाया गेले ना. असं करत करत डाव्या पायाचा अंगठा बधिर व्हायला लागला तेव्हा बायकोने धरून नेलं.

फिजिओने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला तुला व्यायाम शिकवायची गरज नाही, तुला थांबायला शिकवायचंय. मला राग आला. पहिला गृहपाठ काय तर वीस मिनिटं चालायचं, दुखत असलं तरी वीस, आणि मस्त वाटत असलं तरी वीसच. घड्याळ लावून. दर आठवड्याला दोन मिनिटं वाढवायची. तुम्हाला सांगतो, बरं वाटत असताना विसाव्या मिनिटाला परत फिरणं यासारखी अवघड गोष्ट मी आयुष्यात केली नाही, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड सुद्धा सोपा म्हणायचा.

नंतर मी वाचलं तर हे काही त्याच्या डोक्यातलं नव्हतं, अमेरिकेत फोर्डाइस नावाचा माणूस १९७० च्या दशकातच सांगून गेलाय की व्यायाम दुखण्याच्या तालावर करायचा नाही, ठरलेल्या मापाने करायचा. आणि जर्मनीत बोखुमला हासेनब्रिंग नावाच्या बाई आहेत त्यांनी तर लोकांचे प्रकारच पाडले, एक दुखेल म्हणून टाळणारे आणि एक दात-ओठ खाऊन रेटणारे. दोघांचीही कंबर जुनाट होते. एवढी वर्षं मला वाटायचं आपण तर काय मावळे, दुखणं घाबरटांचं वाढतं.

तेव्हा ताई, तुमच्या दिराला पण सांगा, गुहागर ठीक आहे पण फार हवेत जाऊ नकोस म्हणावं.

---

चष्मा_कुठे_ठेवला

सगळं वाचलं. चांगलं लिहिलंय, पण मला इथे थोडं थंड पाणी ओतायचंय.

मी २८ वर्षांची असताना कंबर दुखायला लागली. चार वर्षं, तीन डॉक्टर, दोन फिजिओ. सगळ्यांनी मला हेच ऐकवलं, तू फार विचार करतेस, लग्नाचं टेन्शन आहे का, स्वभाव थोडा बदल, मेडिटेशन कर. मी मेडिटेशन केलं. मला पहाटे तीन-चारला दुखून जाग यायची आणि सकाळी तासभर अंग लाकडासारखं असायचं, आणि हालचाल केली की बरं वाटायचं, झोपून राहिलं की वाढायचं. हे मी प्रत्येकाला सांगितलं होतं. शेवटी एका संधिवाताच्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत ओळखलं, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात. आता औषधं चालू आहेत, आणि व्यायाम पण चालू आहे, आणि मी अजूनही पूर्वीइतकाच विचार करते, फक्त दुखणं कमी आहे.

तर माझा मुद्दा असा की "स्वभाव" हे निदान करणाऱ्याला फार सोयीचं पडतं. पेशंट बरा झाला तर माझी ट्रीटमेंट, नाही झाला तर तुझा स्वभाव. आणि हे बायकांना जास्त ऐकावं लागतं, ते वेगळंच.

दुसरं, कोण कोणावर परिणाम करतं? अडीच वर्षं कुणाचीही कंबर दुखली तर तो चिडचिडा, घाबरट, रडका होणारच. ऑस्ट्रेलियात १९९७ साली मानदुखीच्या सतरा जणांवर एक प्रयोग झाला होता, अपघातानंतर मान दुखणारी माणसं, सगळ्यांच्या मानसिक चाचण्या खराब. निम्म्यांना मज्जातंतूची खरी ट्रीटमेंट दिली, निम्म्यांना खोटी, कुणाला कुठली ते माहीत नाही. ज्यांचं दुखणं गेलं त्यांच्या मानसिक चाचण्या आपोआप सुधारल्या, कुठलंही समुपदेशन न करता. म्हणजे आधी दुखणं, मग "स्वभाव". छोटा प्रयोग आहे मान्य, पण मला तो पाठ आहे कारण तेव्हा मला त्याने खूप आधार दिला होता.

आणि कंपन्यांच्या हातात हे गेलं की काय होतं ते पण बघा. १९९१ चा बोईंग कारखान्यातला अभ्यास, तीन हजारांवर कामगार, त्यात ज्यांना काम जवळपास कधीच आवडत नव्हतं ते कंबरदुखीची तक्रार अडीच पट जास्त करत होते. याचा अर्थ काम सुधारा असाही होतो आणि कामगार रडे आहेत असाही. साहेब लोक कुठला घेतील ते सांगायला नको.

सोमवारचा_उपास, तुम्हाला सकाळचा ताठरपणा किती वेळ असतो?

---

हातगुण

चष्मा ताई, तुमचं सगळं मान्य. मी तर म्हणेन हे आधी यायला हवं होतं, मी थेट स्वभावावर उडी मारली. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेली, पहाटे जागं करणारी, हालचालीने बरी वाटणारी कंबरदुखी दिसली तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे पाठवणं हे आमचं काम आहे. तसंच लघवी-संडासवरचा ताबा जाणं, बसायच्या जागेला बधिरपणा, हे असलं तर फिजिओ नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल. ताप, विनाकारण वजन उतरणं, आधी कॅन्सर होऊन गेलेला असणं, पायातली ताकद कमी होत जाणं, हेही तपासायचंच. हे सगळं झाल्यावर मग बाकीचं बोलायचं.

"आधी दुखणं मग स्वभाव" यावर मात्र अर्धच मान्य. दोन्ही बाजूंनी ये-जा असते. म्हणून मी स्वतः स्वभाव हा शब्द पेशंटसमोर काढतच नाही. स्वभाव म्हटलं की माणसाला वाटतं हा शिक्का बसला, आता बदलणार काय. पण वाकायची भीती बदलते, सहा आठवड्यांत बदललेली मी बघितली आहे, आणि ती बाई आधीइतकीच काळजीवाहू असते, येताना माझ्यासाठी डबा आणते आणि मी जेवले का विचारते. मला तिची काळजी कमी करायचीच नसते, तिला फक्त कंबरेपासून थोडी लांब न्यायची असते.

---

लाल_डबा

धागा चांगला चाललाय तर माझ्या वडिलांचं विचारून घेतो. एसटीत ड्रायव्हर होते, ३१ वर्षं, रिटायर होऊन चार वर्षं झाली, आम्ही साताऱ्याकडचे. कंबर कायमची गेलेली. ते घाबरत पण नाहीत आणि रेटत पण नाहीत. त्यांचा तिसराच प्रकार आहे. फिजिओकडे जायला एका पायावर तयार, कारण तिथे शेक मिळतो, मशीन लावतात, पाऊण तास पडून राहायचं. घरी व्यायाम कर म्हटलं की म्हणतात, मी पैसे देतोय ना, बरं करायचं काम त्याचं. गाडी डेपोत लावली की मेकॅनिकने बघायचं, ड्रायव्हरने खाली घुसायचं नसतं, हे त्यांचं वाक्य. कमरेचा पट्टा झोपताना पण काढत नाहीत. काय करू?

---

हातगुण

लाल_डबा दादा, तुमच्या वडिलांचं वाक्य मी माझ्या विद्यार्थ्यांना सांगणार आहे, चालेल ना.

बरं करणं माझ्या हातात आहे की दुसऱ्याच्या, हा फरक मानसशास्त्रात १९६६ पासून मोजतात. जुनाट दुखण्यात "दुसऱ्याच्या हातात" वाले लोक मशीनवर राहतात आणि मशीन बंद की दुखणं परत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ च्या डिसेंबरात जुनाट कंबरदुखीची मार्गदर्शिका काढली त्यात ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाऊंडचा शेक, टेन्स (त्वचेवरून हलका करंट देणारं मशीन) आणि कमरेचा पट्टा हे सरसकट वापरू नका असंच आहे. पण हे वडिलांना वाचून दाखवू नका, ते म्हणतील त्या संघटनेला एसटी चालवायला सांग.

त्यापेक्षा मेकॅनिकची भाषाच वापरा. रोज सकाळी गाडी काढायच्या आधी ड्रायव्हर टायर, पाणी, ब्रेक बघतो ना, ते मेकॅनिक करत नाही. दोन व्यायाम, सकाळी चहाच्या आधी, त्याला "गाडी चेक" म्हणा. आणि शक्य असेल तर दोन-चार रिटायर मंडळींबरोबर चालायला पाठवा. गप्पिष्ट माणूस एकटा सतरंजीवर व्यायाम करत नाही, चारचौघांत दोन किलोमीटर सहज जातो. उलट काही पेशंटना चारचौघांत व्यायाम म्हणजे शिक्षा वाटते, त्यांना मी मोबाईलवर व्हिडिओ करून देते.

अजून एक, हे सांगायला मला थोडं लाजल्यासारखं होतं कारण आमच्याच धंद्यातलं आहे. कॅनडात अल्बर्टा विद्यापीठात ११७ जुनाट कंबरदुखीवाल्यांना चार गटांत विभागून मशीन लावलं, आयएफटी, हलक्या करंटचं, तेच जे तुमच्या वडिलांना लावत असतील. काहींचं मशीन चालू, काहींचं नुसतं लावल्यासारखं. आणि काहींशी फिजिओ नीट बसून बोलला, विचारपूस केली, काहींना मशीन लावून निघून गेला. २०१४ ला छापून आलं. सगळ्यात जास्त आराम कुणाला, तर मशीन चालू अधिक बोलणं. ते ठीकच. पण दुसरा नंबर कुणाचा? मशीन बंद अधिक बोलणं! चालू मशीन आणि गप्प फिजिओ त्यांच्या मागे. ते एका बैठकीपुरतंच मोजलेलं होतं, पण आपल्याकडे आज्या "त्याच्या हाताला गुण आहे" म्हणायच्या ते काय म्हणत होत्या ते मला तेव्हा कळलं, आणि माझा आयडी तिथूनच आला. म्हणजे पेशंटचा स्वभाव बघताना फिजिओने स्वतःचाही बघावा. मी तुटक बोलते असं मला एका आजोबांनी तोंडावर सांगितलं होतं, त्यानंतर मी पहिली पाच मिनिटं कंबरेबद्दल काही विचारतच नाही.

---

पर्थचा_पुणेकर

इथे ऑस्ट्रेलियात हे भीती आणि हालचाल दोन्ही एकत्र बघायच्या प्रकाराला आता नावच आहे, कॉग्निटिव्ह फंक्शनल थेरपी (सीएफटी). आमच्या पर्थच्या कर्टिन विद्यापीठातले पीटर ओसलिव्हन त्यामागे आहेत. पर्थ आणि सिडनीत ४९२ लोकांवर मोठा ट्रायल झाला, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, बारा आठवड्यांत जास्तीत जास्त सात भेटी आणि नंतर एक उजळणी, आणि वर्षभरानंतरही फरक टिकलेला. मी ते घेतलंय. पहिल्या भेटीत तास गेला आणि तिने मला हात पण लावला नाही, नुसतं विचारत होती, मला वाटलं पैसे फुकट. मग म्हणाली आता बूट काढ, आणि बूट काढायला मी कसा वाकतो ते बघून हसली. मी श्वास रोखून, दात आवळून, एक हात भिंतीला लावून बूट काढत होतो. मला माहीतच नव्हतं! तीन वर्षं मी बूट असाच काढत होतो.

हे फिजिओ लोकांना शिकवायलाच बरेच महिने लागतात म्हणे, त्यामुळे कुठेही "आम्ही सीएफटी करतो" अशी पाटी दिसली तर जरा विचारून घ्या.

---

सोमवारचा_उपास

सगळ्यांचे खूप आभार, तीन आठवड्यांनी लिहिते आहे. मध्ये मार्च एंड होता त्यामुळे जमलं नाही.

चष्मा_कुठे_ठेवला, सकाळचा ताठरपणा पाच-सात मिनिटं असतो फक्त, आणि रात्री झोप लागते, तरी तुमचं वाचून मी डॉक्टरांना विचारून आले, ते म्हणाले ते नाहीये. बरं वाटलं विचारून.

फिजिओंकडे परत गेले. आधी सांगितलं की तुम्ही स्वभाव म्हणालात त्याचा मला राग आला होता. ते बिचारे एकदम गोंधळले, म्हणाले मला असं म्हणायचं होतं की कागद तुमच्या स्वभावाला चुकीचा दिला, म्हणजे चूक माझी. मग मी हातगुण ताईंचं चमचा-वाटी-डबा त्यांना दाखवलं, तर म्हणाले हे मी तुम्हाला पुढच्या आठवड्यात देणारच होतो. (खरं की खोटं देव जाणे.)

आता तीनच व्यायाम आहेत. एक्सेल फक्त रविवारी उघडायची, आणि त्यात दुखणं लिहायचं नाही, काय काय केलं ते लिहायचं. पहिल्या रविवारी मी लिहिलं, केर काढला, वाकून, छोट्या झाडूने, एक खोली. हात थरथरत होते आणि घाम फुटला होता पण कंबर जेवढी दुखायची तेवढीच दुखली, जास्त नाही. परवा जमिनीवर मांडी घालून बसून भाजी निवडली. उठताना मुलाने हात दिला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण दुसरी जुडी आणून समोर ठेवली, त्याचा काय अर्थ घ्यायचा ते घेते मी. दुखणं अजून आहेच, कधी चार कधी सहा. दीर म्हणतो वहिनी मॅच बघत कर, पण क्रिकेट बघून माझं डोकं दुखतं.

एक शंका आहे. फिजिओंनी मुद्दाम सांगितलंय की रोज एक व्यायाम अर्धवट सोडायचा, म्हणजे दहा ब्रिज असतील तर कधी आठ, कधी नऊ करून उठायचं, आकडा पूर्ण करायचा नाही. तर काल मी नऊ करून उठले. पण मग जेवताना, भांडी लावताना, सगळा वेळ तो दहावा डोक्यात. शेवटी रात्री साडेदहाला अंथरुणातच तो एक करून टाकला आणि मगच झोप लागली. हे चालतं का?

---

हातगुण

नाही.

---

नेढ्यातला_वारा

मी असतो तर वीस केले असते.